पंच क्रमांक दोन

१

आमच्या घरी नोटीस काढणं हे लोणचं घालण्यासारखं आहे. वर्षातून एकदोनदा निघतं, कृती ठरलेली असते आणि दुसऱ्या कोणी हात लावलेला बाबांना चालत नाही. घराला लागून मागे आमच्या पाच खोल्या आहेत, एका ओळीत, एकसारख्या. आमच्या बोथ गावात बदलीवर आलेले मास्तर, नर्सबाया, एखादा कापसाच्या व्यापाऱ्याचा मुनीम असे लोक तिथे राहतात. किराया थकला की बाबा पहिली नोटीस काढतात. पंधरा दिवसांनी दुसरी, मग तिसरी. जाड लेजर कागद, डावीकडे समास, तळाशी ‘तामील झाली’ आणि त्याखाली भाडेकरूची सही नाहीतर अंगठा. तामील म्हणजे कागद त्या माणसाच्या हातात पडला याचा पुरावा. बाबांनी, म्हणजे नागसेन साहेबांनी, सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. माणूस कुठे जाईल, काय खाईल हे नंतर. आधी तामील.

कागद नेऊन द्यायचं काम माझं. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलो, तेव्हापासून या घराचा शिपाई मीच.

चौदा एप्रिलला बाबा जयंतीच्या स्टेजवर बोलले. दरवर्षी बोलतात. माझे आजोबा रामाजी हे एका पाटलाच्या घरी सालदार होते आणि ऐन थंडीत पाटलाने त्यांचं बिऱ्हाड खोपटाबाहेर फेकलं, ही गोष्ट सांगतात. दरवर्षी त्यांचा आवाज त्याच शब्दाला कापतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच नंबरच्या कुसुमबाईनेही वाजवल्या, पहिल्या रांगेत बसून. सोळा तारखेला बाबांनी तिला तिसरी नोटीस काढली.

कुसुमबाई पंधरा वर्षांपासून आमच्याकडे होती. मागेपुढे कोणी नाही, वय साठ. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि दिवाळीपासून ठेकेदाराने तिचा पगार दिला नव्हता. मी आठ वर्षांचा असताना माझी आई, ताराबाई, दोन महिने दवाखान्यात होती. त्या दोन महिन्यांत मला कुसुमबाईने जेवू घातलं होतं. हे बाबांना आठवत होतं का? आठवत असेलच. कारकून काही विसरत नाहीत, फक्त फाईलला लावत नाहीत.

मी जांभळ्या शाईचं पॅड पुढे धरलं. तिने अंगठा टेकवला. विळीने कापल्याची जुनी खूण होती तिच्या अंगठ्यावर, त्यामुळे ठशाच्या मधून एक तिरपी पांढरी रेघ जायची. तीन नोटिसांवर तशा तीन रेघा.

“तुह्या बापाले किरायापेक्षा शाईच जास्त लागून राह्यली रे हर्षू,” ती म्हणाली आणि पदराला अंगठा पुसला.

मे महिना लागला आणि नोटिशीची मुदत संपली. त्या सकाळी ती दाराला कुलूप लावून निघाली. बाजारहत्नूरला भाची होती, साक्षी. तिच्या नवऱ्याकडून पैसे घेऊन चार दिवसांत येते, म्हणाली. मला दोन वाक्यं सांगितली: भाऊले सांग मी कुलूप लावून चालली, आन सांग का चार दिवसात येते, पळून नाय चालली.

मी बाबांना पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

कारण सांगून टाकतो. पाच नंबर रिकामी झाली की तिथे मला ऑनलाईन सेंटर टाकून देऊ, असं बाबा म्हणाले होते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मला ती खोली पाहिजे होती.

२

भाडेकरू दाराला कुलूप लावून गेला की नोटीस दारावर चस्पा करायची, म्हणजे चिकटवायची. सोबत पंचनामा पाहिजे. दोन पंचांनी खोली आतून पाहायची, सामानाची यादी करायची, आत कोण आहे कोण नाही ते लिहायचं आणि सह्या करायच्या. असा नियम आहे, असं बाबा म्हणतात. ते नियम पाळतात. फक्त जागेवर जात नाहीत. नोकरीतले सगळे पंचनामे त्यांनी टेबलावर बसून लिहिले. जुना एखादा कागद नमुना म्हणून समोर ठेवायचा आणि नावं, तारखा बदलून उतरवायचा.

त्या दिवशी त्यांनी लोखंडी पेटीतून जो नमुना काढला तो वीसेक वर्षांपूर्वीचा होता. कुठल्याशा तलावाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातल्या एका घराचा. गाव उठवायच्या आधी तिथली घरं रिकामी असल्याचे कागद करायचे होते. कागद पिवळा पडला होता, अक्षर बाबांचंच.

मी शेजारी उभा राहून वाचत होतो. लोखंडी खाट एक. खुर्ची एक. स्वयंपाकाची भांडी अंदाजे पंधरा. पत्र्याची पेटी एक. लाकडी पाळणा एक, जुना, डावीकडची एक पट्टी तुटलेली.

“बाबा, तिच्याकडं पाळणा कुठं हाय? साठ वर्साची बाई हाय ते.”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “नमुन्यात हाय.”

“मंग खोडा.”

“खाडाखोड केली का कागद नापास होते. आतमंदी कोन पाह्यले जाते? लिहिलं तं लिहिलं.”

कुसुमबाईच्या कुलपाची दुसरी चावी आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली होती. गॅसवाला आला तर सिलिंडर ठेवता यावं म्हणून तिने आईजवळ दिली होती. टेबलापासून ती चावी आठ पावलांवर आणि चावीपासून खोली वीस पावलांवर. बाबा उठले नाहीत. मीही उठलो नाही.

दुसरे पंच अमृतराव मास्तर. रिटायर आहेत, रोज चहाला येतात. त्यांनी सही कुठे करायची एवढंच विचारलं आणि चहात आलं आहे का ते विचारलं. चष्मा खिशातच होता. या लोकांनी अख्खी जिंदगी अशा सह्या केल्या आणि आम्हाला सांगतात की आजकालच्या पोरांना जबाबदारी नाही.

शेवटच्या ओळी अशा होत्या: ‘आम्ही पंचांनी सदर खोली आतून पाहिली. आत कोणीही इसम आढळला नाही.’

पंच क्रमांक एकच्या पुढे मी सही केली. आईने मैद्याची खळ करून दिली. मी कागद दारावर चिकटवला आणि मोबाईलवर फोटो काढला. खळ उन्हात पाच मिनिटांत वाळली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या खोलीत पडलो होतो. आदिलाबादकडच्या मे महिन्यात दुपारी दीड ते चार माणसं मेल्यासारखी पडून असतात. कुत्रीसुद्धा नालीत शिरून गप्प असतात. माझ्या खोलीची मागची भिंत आणि पाच नंबरची भिंत एकच आहे.

आवाज आला. दोन आवाज, जोडीने. जाताना लांब, कर्रर्र. येताना आखूड, कट. मग पुन्हा.

पंखा असेल म्हणून पंखा बंद केला. आवाज राहिला. पंखा बंद केल्यावर एका मिनिटात घाम गळायला लागला, आणि त्या घामात बसून मी मोजत होतो. चार सेकंदांना एक फेरा. पत्रा असेल, पण वारा नव्हता. शेजारच्या विहिरीची गराडी असेल, पण ती विहीर दोन वर्षांपासून कोरडी आहे. मी उठून भिंतीला कान लावला.

कान लावल्यावर आवाज मोठा व्हायला पाहिजे. तो तेवढाच राहिला. मागे सरकलो, खाटेवर बसलो, दारापर्यंत गेलो, तरी तेवढाच. जणू आवाजाला मी कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. चार वाजता रस्त्यावर ऑटो सुरू झाले तेव्हा तो बंद झाला.

मी स्वतःला सांगितलं की तू काल एका खोट्या कागदावर सही केलीस आणि तुझं डोकं आता तुला त्याचा हिशेब मागतंय. बास, एवढंच आहे. मी शिकलेला माणूस आहे. अर्धा का होईना.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरच्या वृषाली टीचर दूध घेताना भेटल्या. मुधोळच्या आहेत, एकट्या राहतात, कोणाच्या भानगडीत पडत नाहीत.

“पाच नंबरात नवे लोक आले का?” त्यांनी विचारलं.

कोणीच आलं नाही, मी सांगितलं.

“असं कसं? लेकरू हाय न त्याईले. लय गुनाचं हाय बाप्पा, एकडाव रडलं नाही.”

त्या दुधाची पिशवी घेऊन दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“कोनी आलं नाही तं मंग पाळना कोन हालवते?”

दुपारी आवाज सुरू झाला तसा मी मागच्या बोळीत गेलो. पाच नंबरला मागून एकच खिडकी आहे. तिची एक काच फुटलेली आहे आणि तिथे कुसुमबाईने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा लावलेला आहे. पुठ्ठा मी बोटभर सरकवला.

उन्हातून आत पाहिलं की आधी काळंच दिसतं. मग हळूहळू वस्तू वर आल्या. खाटेचा कोपरा. लाल खुर्ची. पत्र्याची पेटी. भांड्यांची मांडणी. आणि मधोमध, जिथे पंख्याचा हुक आहे तिथून लटकलेला पाळणा. लाकडी, जुना. हलत होता. डाव्या बाजूची एक पट्टी तुटलेली होती.

पाळण्याला दोरी होती. ती समोरच्या दाराजवळच्या कोपऱ्याकडे गेली होती. तो कोपरा खिडकीतून दिसत नाही. दोरी ताणली जायची, सैल पडायची, पुन्हा ताणली जायची. दुसरं टोक कोणी धरल्याशिवाय दोरी अशी ताणली जात नाही. एवढं मी पॉलिटेक्निक सोडायच्या आधी शिकलो होतो.

दोरी ताणली आणि तशीच राहिली. पाळणा एका बाजूला उचललेला, थांबला. आत कोणीतरी हलवणं थांबवून खिडकीकडे ध्यान दिलं होतं.

मी पुठ्ठा सोडला. धावलो नाही. धावलो असतो तर ते खरं झालं असतं. सावकाश चालत घरी आलो आणि बाबांना म्हणालो की पाच नंबरमध्ये पाळणा आहे.

बाबा पेपर वाचत होते. “हायच,” ते म्हणाले. “यादीत हाय न.”

५

चौथ्या दिवशी कुसुमबाई परत आली.

बारा वाजून गेले होते. मी ओसरीत होतो. ती बसस्टँडवरून चालत आली, डोक्यावर ओला टॉवेल, हातात कापडी पिशवी. मला पाहून हसली. दारापुढे आली आणि चिकटवलेल्या कागदाकडे वर-खाली पाहत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

“एवढं काय लिहिलं रे भाऊनं? वाचून दाखव.”

मी वाचलं. खाट, खुर्ची, भांडी, पेटी इथपर्यंत ती मान हलवत होती. पाळणा आला तशी ती हसली. म्हणाली, या वयात मले पाळना देला का तुह्या बापानं. मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या. आत कोणीही इसम आढळला नाही.

तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. मग विचारलं, “खालतं सही कोनाची हाय?”

“अमृतराव मास्तरची.”

“आन दुसरी?”

मी पायाकडे पाहत होतो. तिच्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता.

“बरं,” ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. “पैसे आनले म्या. पानी पिते, मंग भाऊले भेटाले येते.”

जाऊ नको. दोन शब्द होते. तोंडात आलेही होते. पण पुढे काय सांगणार होतो? की मी सही केली आणि आत पाळणा आला? आणि खरं सांगतो, मला वाटलं ती आत गेली की सगळं ठीक होईल. घरची बाई घरात गेली की जे काही आहे ते निघून जाईल. माझ्या भीतीपुढे मी तिला ढकललं.

तिने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, कुलूप उघडलं, आत गेली आणि उन्हाची झळ लागते म्हणून दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

मग आतून तिचा आवाज आला. “हर्षू, हा पाळना कोनाचा रे?”

घाबरलेला नव्हता तो आवाज. आपल्या घरात दुसऱ्याची वस्तू दिसली की माणूस जसं विचारतो, तसा.

थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. “आली, आली. थांब वं माय.”

हे मला नव्हतं. मी आठ वर्षांचा असताना, रात्री दचकून उठायचो तेव्हा ती स्वयंपाकघरातून याच आवाजात ‘आली, आली’ म्हणायची.

कर्रर्र. कट. आता फेरा सावकाश होता. हात बदलला होता.

६

मी आईला आणायला घरात धावलो. जायला-यायला दोन मिनिटं. परत आलो तेव्हा पाच नंबरला बाहेरून कुलूप होतं. उंबऱ्यापुढे चपला नव्हत्या.

आईने कुलूप ओढून पाहिलं. आत कोणी असेल तर बाहेरून कुलूप कसं, ती म्हणाली आणि माझ्या कपाळाला हात लावला. ऊन लागलं म्हणाली. मीही तेच म्हणायला तयार होतो. साक्षीला फोन लावला, ती ‘मावशी अजून निघालीच नाही’ म्हणेल अशी आशा धरून. ती म्हणाली की मावशीला सकाळी तिने स्वतः बसमध्ये बसवून दिलं, पैसे पिशवीच्या तळाशी ठेवायला लावले, पोचली का?

पोचली, मी म्हणालो.

संध्याकाळी बाबा आणि अमृतराव मास्तर चहा पीत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो की उठा, चावी घ्या, आपण तिघं जाऊन पाहू. मास्तर म्हणाले गुडघे धरले आहेत. वीस पावलं आहेत, मी म्हणालो. मग ते म्हणाले की सही काय, सांगितली तिथे केली, आता पाहायचं काऊन? आणि कप पालथा घालून निघून गेले.

बाबा म्हणाले, “खोली खाली हाय.”

“तुमी पाह्यली?”

“कागद हाय न.”

“तो जुना कागद ज्या घराचा हाय, तिथं गेलते का तुमी?”

बाबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “सगळ्या गावाचं एका दिवसात करायचं होतं,” ते म्हणाले. “कोनी गेलं नाही.”

“मंग त्या घरात कोन होतं?”

“लिहिलं होतं न, कोनी नाही म्हनून.”

तेवढ्यात माझ्या खोलीकडून, भिंतीतून, तो आवाज आला. संध्याकाळी पहिल्यांदाच. मी बाबांकडे पाहत होतो. त्यांनी मान वळवली नाही. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे.

७

रात्रभर मी एकच विचार केला. खोटा कागद केला म्हणून हे झालं असेल तर खरा कागद केल्यावर ते मोडेल. या घरात आजवर एकही पंचनामा डोळ्यांनी पाहून झाला नव्हता. मी करणार होतो. जे दिसेल तेच लिहीन, एक अक्षर जास्त नाही. मला मोठा अभिमान वाटला या विचाराचा. तो लक्षात ठेवा.

दुपारी बाराला खिळ्यावरची चावी घेतली, बाबांच्या खणातला लेजर कागद आणि खाली धरायला एक वही घेतली, त्यांचंच पेन घेतलं. शाईचं पॅड टेबलावरच राहू दिलं. अंगठा लागणारच नव्हता.

कुलूप निघालं. दार ढकललं. मी दार सताड उघडं ठेवलं आणि पायरीवरचा दगड त्याला लावला.

पाळणा स्थिर होता. दोरी जमिनीवर पडलेली होती. दाराजवळचा तो न दिसणारा कोपरा मी आधी पाहिला. रिकामा. फक्त फरशीवर धूळ नव्हती. कोणी बरेच दिवस एका जागी बसलं की जशी गोल जागा स्वच्छ होते, तशी.

मी वहीवर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला लागलो.

लोखंडी खाट एक. खाटेवर कापडी पिशवी, आत रुमालाची गाठ, गाठीत नोटा. खुर्ची एक, लाल. खुर्चीवर ओला टॉवेल.

टॉवेल ओला होता. काल दुपारी ती तो डोक्यावर घेऊन आली होती आणि मे महिन्यात आमच्याकडे टॉवेल दहा मिनिटांत वाळतो. मी ‘ओला’ लिहिलं.

पाण्याचा पेला एक, अर्धा प्यालेला. चपलांचा जोड एक, उंबऱ्याच्या आत, अंगठा तारेने बांधलेला.

लाकडी पाळणा एक. डावीकडची पट्टी तुटलेली. पाळण्यात गोधडी. गोधडी मधोमध खोल गेलेली, खाली वजन असल्यासारखी. एवढं लिहिलं आणि हात थांबला. गोधडी उचलायला पाहिजे होती. पंचाचं कामच ते. मी दोन पावलं गेलो. गोधडीला दुधाचा वास येत होता, थोडासा चिखलाचा, तळ्याचं पाणी आटल्यावर येतो तसा. गोधडीची कड सावकाश वर झाली आणि खाली बसली. पुन्हा वर झाली. वारा असेल. दार उघडं होतं. वारा आहे का ते पाहायला मी ओलं बोट वर धरलं. नव्हता.

मी लिहिलं: गोधडीखाली पाहिले नाही. खरं तेच लिहायचं ठरलं होतं.

तिला हाक मारली. “कुसुमबाई.” मग लहानपणी मारायचो तशी. “मोठी माय.” खोलीत चार भिंती आहेत, खाटेखाली मोकळं आहे, लपायला जागा नाही. उत्तर आलं नाही.

शेवटची ओळ राहिली. क्षणभर वाटलं, लिहून टाकावं. खोलीत एक बाई, वय साठ, हयात आढळली. काय जातं? पण ते बाबांसारखं झालं असतं. न पाहता लिहिलेलं. मी त्यांच्यासारखा नाही. मी खरं लिहिलं.

‘खोलीत कोणीही दिसले नाही.’

पंच क्रमांक एक, सही. पंच क्रमांक दोनची जागा कोरी सोडली, कारण दुसरा कोणी नव्हता. कागद वहीत घातला, पाठ न फिरवता उलट्या पावलांनी बाहेर आलो, दगड सरकवला, कुलूप लावलं.

उन्हात येऊन वही उघडली.

पंच क्रमांक दोनच्या पुढे अंगठा होता. जांभळा, ओला. मधून एक तिरपी पांढरी रेघ गेलेली.

८

ती तिथे होती. मी आत लिहीत होतो तेव्हा माझ्या शेजारी उभी असेल, वहीत डोकावत असेल. तिला वाचता येत नाही. काय लिहिलं म्हणून विचारतही असेल. आणि मी लिहिलं की कोणीही दिसले नाही. तिने नेहमीसारखा अंगठा दिला. आमच्या घरच्या कागदावर तिने कधी अंगठा नाकारला नाही.

पहिला कागद खोटा होता, तो मोडता आला असता. हा खरा आहे. पाहून केलेला, दोन पंचांचा. आयुष्यात एकदा बापासारखी एक ओळ खोटी लिहायची होती, आणि तेव्हाच मी खरा वागलो.

बाबांनी कागद पाहिला. अंगठा ओळखला, त्यांचे डोळे त्या रेघेवर थांबले होते. पण म्हणाले एवढंच की दोन पंच झाले, कागद ठीक आहे, आता सेंटरचं पाहू. मी विचारलं की माझ्या शेवटच्या ओळीच्या आणि सह्यांच्या मध्ये जागा आहे, तिथे एक ओळ वाढवली तर?

“सह्या झाल्यावर वर काही लिहिलं का तो कागद खोटा होते,” नागसेन साहेब मला म्हणाले. तीस वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच सुचलं.

ते झोपले आहेत. आईही. दुपारचे अडीच वाजलेत. कागद माझ्यापुढे आहे. मध्ये दोन बोटं जागा आहे, एक ओळ बसते. साक्षीचे सकाळपासून नऊ फोन येऊन गेले.

लिहायचं काय ते पाठ आहे. आत एक बाई, नाव कुसुमबाई, हयात आढळली. पण कागद जे लिहिलं तेवढंच ऐकतो, असंही नाही. पाळणा लिहिला तर पाळण्यासोबत दोरी धरणारंही आलं होतं. ते कुठे लिहिलं नव्हतं. मी बाई लिहिली तर त्या दारातून कोण निघेल, आणि तिच्या कडेवर काय असेल?

भिंतीपलीकडे फेरा चालू आहे. जाताना लांब, येताना आखूड.

मी पेन टेकवलं. ‘आत’ एवढंच लिहिलं.

फेरा थांबला. लांब आवाज झाला, आखूड झालाच नाही. दोरी ताणून धरली आहे, आणि भिंतीला पलीकडून कान लावून कोणीतरी माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहत आहे.